मेलेल्यांनी बोलायचं नाही

मी मुडदे बनवते. काय करतेस असं कुणी विचारलं की मी एवढंच सांगते आणि समोरच्याचा चेहरा बघत उभी राहते. मग दया येते आणि सांगून टाकते, सिनेमात रंगभूषा करते हो, घाबरू नका. नवऱ्या केल्या, राण्या केल्या, भाजलेले सैनिक केले, पण नाव झालं ते मुडद्यांत. फाटका गाल, लोंबता ओठ, खोबणीत गेलेला डोळा. तासभर द्या, चांगला खातापिता माणूस चार दिवसांचा मेलेला करून देते. हात असा बसलाय की चेहरा लांबून बघूनही सांगेन, ह्याला कुठे किती रबर लागेल. त्या हाताचा मला गर्व होता. होता म्हणते, कारण आता त्याच्याकडे बघितलं की संताप येतो.

गोष्ट माझ्या बाबांची आहे. बाबा एकतीस वर्षं गाडी चालवण्याची परीक्षा घेत होते. शेजारच्या सीटवर मांडीवर पॅड घेऊन बसायचं, तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, आणि शेवटी कागदावर एक शिक्का मारायचा. ऑफिसात त्यांना सगळे ‘नापास साहेब’ म्हणायचे. त्यांनाही ते माहीत होतं आणि त्यांना ते आवडायचं, असा माझा संशय आहे. घरीही तसेच. कुणी विनोद सांगितला तर शांतपणे ऐकून घ्यायचे आणि विचारायचे, ‘बरं, मग पुढे?’ आमच्याकडे येणारे पाहुणे विनोद दारातच चपलांपाशी काढून ठेवत.

दोन वर्षांपूर्वी काका गेला, बाबांचा धाकटा भाऊ. आमच्याच टेबलावर जेवत होता. ‘वहिनी, मीठ देता का जरा,’ म्हणाला. आईने मिठाची वाटी उचलली, आणि ती त्याच्यापर्यंत पोचायच्या आत तो गेला होता. आवाज नाही, धाप नाही, काही नाही. बाबा त्याच्या समोरच बसले होते. त्यानंतर तीन महिने ते खिडकीपाशी बसून राहिले. जेवायला बोलावलं की यायचे, पण काकाच्या खुर्चीकडे पाठ करून बसायचे.

आणि मग एका दुपारी मी अंघोळ करत होते आणि बाहेरून आवाज आला. खाकरल्यासारखा, मग घुसमटल्यासारखा. मी टॉवेल गुंडाळून ओल्या पायांनी धावले. बाबा टीव्हीसमोर बसले होते आणि हसत होते. डोळ्यांतून पाणी, हातात रिमोट, खांदे गदागदा हलताहेत. टीव्हीवर एक झॉम्बी फिरत्या काचेच्या दारात अडकला होता. बाहेर पडायचा, पुन्हा आत यायचा. त्याला कळतच नव्हतं.

‘बघ बघ, गाढवाला बघ,’ बाबा म्हणाले.

त्या दिवसापासून आमचं सुरू झालं. काम नसलं की दुपारी मी आणि बाबा झॉम्बींचे विनोदी सिनेमे बघायचो. नुसते भीतीचे त्यांना चालायचे नाहीत. झॉम्बी पाहिजे, आणि तो बावळट पाहिजे. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणायची, ‘त्या मेल्यांचं काय बघता दोघं? प्रेतं धडपडताहेत आणि तुम्ही दात काढताय.’ तिला कधी हसू आलं नाही. काका गेला तेव्हा वाटी तिच्या हातात होती.

एकदा मी बाबांना विचारलं, तुम्हाला ह्यात एवढं काय आवडतं? माझा तर तो धंदा आहे, पण तुम्हाला? त्यांनी सिनेमा थांबवला. परीक्षेचे नियम समजावून सांगत असल्यासारखे ते सावकाश बोलू लागले. ‘हा बघ. हा लांबून येतोय. पाय ओढतोय, आवाज करतोय, वाटेतल्या खुर्चीला अडखळतोय. दिसतोय ना आपल्याला? दार लावायला वेळ आहे. पळायला वेळ आहे. हसायलासुद्धा वेळ आहे.’ मग म्हणाले, ‘तुझ्या काकाला कुठे काय दिसलं?’ आणि सिनेमा पुन्हा सुरू केला.

इतकी वर्षं मी हे चेहरे बनवत होते आणि माझ्या डोक्यात हे कधी आलं नव्हतं. लोक तिकीट काढून येतात ते अशा मरणासाठी, जे पायऱ्यांवरून घसरून पडतं, ज्याच्या डोक्यात तवा हाणता येतो. मी बाबांना म्हटलं, तुम्ही दिग्दर्शकच व्हायला हवं होतं. ‘सगळ्यांना नापास केलं असतं,’ ते म्हणाले.

गेल्या महिन्यात त्यांना चक्कर आली आणि रक्तदाब एकशे नव्वद निघाला. आमच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं: तोंड एका बाजूला वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर एक मिनिट न थांबता दवाखान्यात. आईने तो कागद फ्रिजवर चिकटवला. येता-जाता ती तो वाचायची. बाबा तिला म्हणायचे, ‘पाठ झाला असेल तर तोंडी परीक्षा घेऊ का?’

नेमका त्याच वेळी मला हा सिनेमा मिळाला. बंद पडलेल्या एका मोठ्या मॉलमध्ये सहा दिवस काम. गोष्ट अशी की मेलेले उठतात, पण त्यांच्या सवयी जात नाहीत. मेलेला शिपाई दार उघडून सलाम करतो, मेल्या बायका सेलच्या रांगेत उभ्या राहतात. चाळीस मुडदे हवे होते, त्यातले अर्धे वयस्कर. मी घरी सहज बोलून गेले आणि चूक झाली. बाबा दोन दिवस लहान पोरासारखे फुगून बसले. शेवटी मी दिग्दर्शकाकडे शब्द टाकला. तो पोरगेलासा माणूस, नुसता उत्साह. बाबांचा धंदा ऐकला आणि जागच्या जागी उडाला. ‘मेलेला परीक्षक! हिरो गाडी घेऊन पळतोय आणि शेजारी हा बसलाय पॅड घेऊन! चुका लिहितोय!’

आई ऐकेना. ‘एकशे नव्वद होतं. विसरलात दोघं?’

‘आई, गोळ्या चालू आहेत. नुसतं चालायचं तर आहे,’ मी म्हटलं. ‘आणि रोज तासभर त्यांचा चेहरा माझ्या हातात असणार. एवढ्या जवळून तूसुद्धा बघत नाहीस त्यांना. काही झालं तर मला आधी कळेल.’

आईने फ्रिजवरचा कागद बोटाने सरळ केला. मग म्हणाली, ‘तुझ्या भरवशावर सोडते हं.’ मी हो म्हटलं. अगदी सहज म्हटलं, जाता जाता.

सेटवर सहायक दिग्दर्शक होता, त्याला सगळे भोंगा म्हणत. त्याला माईकची गरज नव्हती. पहिल्याच सकाळी त्याने चाळीसही जणांना ओळीत उभं करून नियम सांगितला. ‘एकदा रंग लागला की तुम्ही मेलात. मेलेल्यांनी बोलायचं नाही. हसायचं नाही, मोबाईल नाही, गप्पा नाहीत. काही हवं असेल तर शाळेसारखा हात वर करायचा. जो बोलेल तो जेवणाच्या सुट्टीत टेबलावर चढून नाचेल.’

नियम काही वेडेपणाचा नव्हता. गर्दीतली माणसं दोन शॉटच्या मधे इतकी खिदळतात की पुन्हा मेलेली दिसायला अर्धा तास जातो. पहिल्या दिवशी दोन बायका नाचल्या, एक म्हातारा नाचला, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांच्या तोंडाला कुलूप लागलं. अख्ख्या मॉलमध्ये चाळीस मुडदे भिंतीला टेकून गप्प बसलेले. दिवे चाचपत जाणारा लाइटवाला त्यांच्या पायांवरून उड्या मारत जायचा. मला सवय आहे, तरी एखाद्या वेळी मान वर केली की कुणी हलतंय का ते बघत राहायचे.

बाबांसारखा नियम कुणीच पाळला नाही. आयुष्यभर न बोलण्याचाच पगार घेतला होता त्यांनी. माझ्या खुर्चीत बसले की पहिला ब्रश लागायच्या आधीच मेलेले असायचे. मी विचारायचे, टोचत नाही ना, तर डोळ्यांनी नाही म्हणायचे. चेहरा मी त्यांना असा दिला होता: डावा डोळा खाली ओढलेला, ओठाचा डावा कोपरा लोंबता, मानेवर चावल्याची मोठी जखम. त्या कोपऱ्याला रबराचा पातळ पापुद्रा गोंदाने चिकटवायचा, म्हणजे तोंड वाकडं दिसतं. चालही मीच शिकवली. डावा पाय ओढायचा, डावा हात विसरून जायचा. ‘तो हात तुमचा नाहीच असं समजा,’ मी म्हटलं होतं. दिग्दर्शक म्हणाला, ताई, कमाल आहे, कुठून सुचतं? मी म्हटलं, निरीक्षण.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बाबांच्या डाव्या हातातून ताट सुटलं. भात सगळीकडे. सुट्टीत बोलायला परवानगी होती, पण ते बोलले नाहीत, नुसते हाताकडे बघत राहिले. भोंगा ओरडला, ‘बघा, ह्याला म्हणतात कलाकार! सुट्टीतसुद्धा मेलेला!’ सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पाच-दहा मिनिटांनी त्यांनी हात उघडझाप करून बघितला, मला डोळा मारला आणि दुसरं ताट घेतलं. गाडीतून घरी येताना मी विचारलं, बाबा, ते ताट मुद्दाम ना? ‘अर्थात,’ ते म्हणाले. खिडकीबाहेर बघत म्हणाले.

चौथ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी घरात गोंधळ घातला. बाथरूममधून निघाले ते पाय ओढत, तोंड वाकडं करून, हात लोंबता. आई किंचाळली. हातातली कढई टाकून फोनकडे धावली, नंबर फिरवायला लागली. तेव्हा बाबा सरळ उभे राहिले आणि म्हणाले, ‘घाबरून काम बिघडवलंत. नापास!’ आईने फोन ठेवला. कढई उचलली, फरशी पुसली. रात्री जेवताना ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही, माझ्याशीही नाही. बाबा मला हळूच म्हणाले, ‘जमलं ना पण?’ आणि मी, काय सांगू, मी हसले.

सहावा दिवस शेवटचा. मी सामानाच्या पेट्या घेऊन पहाटे पाचलाच निघाले होते. बाबा नेहमीप्रमाणे गर्दीच्या माणसांच्या बसने येणार होते, ती सव्वासहाला आमच्या कोपऱ्यावर थांबायची. माझ्या खुर्चीत त्या दिवशी ते पहिले. सव्वासात वाजले होते. रंगकामाला घेतलेल्या दुकानाचं शटर अर्धं वर होतं आणि उजेड माझ्या दिव्याचाच काय तो. ते आले, बसले, मान मागे टेकवली. मी ओठाचा पापुद्रा उचलला आणि थांबले, कारण तोंडाचा डावा कोपरा आधीच खाली होता. पापणीही जरा उतरलेली.

मला काय वाटलं ते जसंच्या तसं सांगते. मला वाटलं, काल गोंद नीट निघाला नाही, त्याने कातडी ओढली आहे. आणि त्याच्या पाठोपाठ वाटलं, बरं झालं, दहा मिनिटं वाचली.

‘आज घरूनच मरून आलात वाटतं,’ मी म्हटलं.

बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांनी तोंड उघडलं. घशातून काहीतरी आलं, शब्द नव्हता, त्यांचा तो झॉम्बीचा आवाज होता, गेले पाच दिवस ऐकत होते मी तो.

‘नियम, साहेब,’ मी म्हटलं. ‘नाचावं लागेल.’ आणि त्यांच्या हनुवटीला बोट लावून तोंड मिटवलं.

पापुद्रा मी बाजूला ठेवला. त्याची गरजच नव्हती. नुसती सावली दिली, निळा, राखाडी, जरासा हिरवा, ओठाच्या कोपऱ्यातून वाळलेल्या रक्ताचा ओघळ. मग मागे सरकून बघितलं. सहा दिवसांत एवढा चांगला चेहरा झाला नव्हता. मी स्वतःवर खूश झाले. हे मी कुणाला सांगितलेलं नाही अजून.

शॉट खाली गाड्यांच्या तळावर होता. हिरो गाडी घेऊन सुटतो, मेलेला परीक्षक पॅड घेऊन मागे धावतो, पॅड पडतं, तो उचलतो, आणि तोवर गाडी गेलेली असते. मागे बाकीचे एकोणचाळीस. तयारीला वेळ लागत होता. बाबा खांबाला टेकून उभे होते. त्यांनी उजवा हात वर केला. भोंग्याने पाणी नेलं. त्यांनी नकाराची मान हलवली. भोंग्याने खुर्ची नेली, तरी मान हलवली. थोड्या वेळाने पुन्हा हात वर केला आणि ह्या खेपेला माझ्या दिशेने बघितलं. मी एका बाईच्या नाकाला रबर चिकटवत होते. ‘बाबा, एवढा शॉट होऊ द्या ना,’ मी तिथूनच ओरडले. त्यांनी हात खाली घेतला. नियम म्हणजे नियम.

‘ॲक्शन!’

गाडी सुटली. बाबा निघाले. पाय असा ओढला की बूट फरशीवर घासल्याचा आवाज मॉनिटरपर्यंत आला. दहा-बारा पावलांवर पॅड पडलं. ते वाकले. डावा हात पॅडपर्यंत गेला आणि त्याच्यावरून घसरला. पुन्हा गेला, पुन्हा घसरला. त्यांनी हाताकडे बघितलं, रागावून बघितलं, जसं एखाद्या उमेदवाराने चुकीचा गिअर टाकल्यावर बघत असतील. मग उजव्या हाताने डावा हात मनगटाला धरून उचलला आणि पॅडवर नेऊन ठेवला. तो तिथेच पडून राहिला.

कॅमेऱ्यामागे हास्याचा स्फोट झाला नाही, कारण आवाज करायचा नव्हता. सगळे तोंडात रुमाल कोंबून हसत होते. भोंगा जमिनीवर बसला. दिग्दर्शकाने बोट वर करून खूण केली, चालू ठेवा, चालू ठेवा. आणि मी पेटीवर डोकं टेकून, पोट धरून हसत होते. गाढवाला बघ, माझ्या मनात आलं. माझ्याच बापाबद्दल आलं.

बाबा गुडघ्यावर आले आणि मग कुशीवर.

‘कट! कट! ओके!’

कट म्हटल्यावर काय होतं हे बघण्यासारखं असतं. सगळे मुडदे एकदम माणसं होतात. माना सरळ होतात, कुणी पाठ खाजवतं, कुणी चप्पल शोधतं, बडबड सुरू होते. शेवटचा दिवस, शेवटचा शॉट, त्यामुळे टाळ्या, शिट्ट्या, मिठ्या. एकोणचाळीस माणसं हसत होती. एक जण फरशीवरून उठत नव्हता.

‘नियम पाळणारा हा एकच!’ दिग्दर्शक टाळ्या वाजवत म्हणाला. ‘साहेब, झालं! उठा! तुम्ही पास!’

मी हसतच त्यांच्यापाशी गेले. ‘बाबा, कट झाला. झालं सगळं. बोला आता.’ त्यांचा उजवा डोळा माझ्याकडे होता. त्या डोळ्यात मी सहा दिवस रंग लावताना कधी न बघितलेलं काहीतरी होतं आणि मग माझं हसू कुठे गेलं मला कळलं नाही. कमरेच्या पिशवीतून मी तेलाचा बोळा काढला आणि त्यांचं तोंड पुसायला लागले. राखाडी निघाला. निळा निघाला. रक्ताचा ओघळ निघाला. बाबांची गोरी कातडी वर आली, दाढीचे पांढरे खुंट वर आले. आणि तोंड तसंच होतं. मी दुसरा बोळा घेतला. मी जोराने पुसत होते, पुसतच होते, कुणीतरी माझा हात धरेपर्यंत.

पावणेअकराला आम्ही इस्पितळात पोचलो, सिनेमाच्याच गाडीतून. तिथे आणखी एक नाटक झालं. मानेवरची जखम मी पुसलीच नव्हती. दारातल्या नर्सने ती बघितली आणि ‘गळा फाटलाय!’ म्हणून ओरडली. दोघेजण धावत आले, मानेवर कापूस दाबला, रक्त द्यायची तयारी सुरू झाली. ‘खोटं आहे ते!’ मी किंचाळत होते. ‘ती मी केलेली आहे! तोंड बघा, तोंड खरं आहे!’ शेवटी मी वाकून ती जखम एका झटक्यात उपटून काढली, तेव्हा एक वॉर्डबॉय मागच्या मागे भिंतीवर आपटला. दुसऱ्या कुठल्याही दिवशी बाबांनी ह्यावर महिनाभर हसून घेतलं असतं.

त्यांना तपासणीला आत नेलं. आई टॅक्सीने आली. घरच्याच कपड्यांत आली होती, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. बाकावर माझ्या शेजारी बसली आणि माझ्या बोटांना लागलेला लाल रंग बघत राहिली.

अकरा दहाला डॉक्टर बाहेर आल्या. माझ्याहून लहान असतील. डोक्यातली एक रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली आहे, म्हणाल्या. रक्तस्राव नाही, ही चांगली गोष्ट आहे. ‘एक इंजेक्शन आहे, त्याने गुठळी विरघळू शकते. हात, पाय, बोलणं, बरंच परत येऊ शकतं. पण त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यायचं. उशिरा दिलं तर उलट डोक्यात रक्तस्राव होऊन माणूस दगावू शकतो. म्हणून अंदाज नको, नक्की वेळ हवी. शेवटचे अगदी ठीक कधी होते?’

दहा, असं माझ्या ओठांवर आलं. दहाला पडले. सगळ्यांनी बघितलं होतं, चित्रितसुद्धा झालं होतं. दहा ह्या वेळेत माझा काही दोष नव्हता.

‘सव्वासातला,’ मी म्हटलं. ‘म्हणजे ठीक नव्हते. सव्वासातला तोंड वाकडं होतं.’

‘तुम्ही बघितलंत?’

‘हो. जवळून.’

‘मग आणलं का नाही?’

‘मी त्याच्यावर रंग लावला,’ मी म्हटलं.

आई माझ्या उजव्या हाताला बसली होती. मी तिकडे बघितलं नाही. मला वाटलं, आता ती उठेल, मला मारेल, आणि मारलं तर बरं होईल. ती हललीसुद्धा नाही.

डॉक्टरांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. ‘सव्वासात. म्हणजे चार तासही झाले नाहीत. बसतंय.’ त्यांनी मागे वळून नर्सला औषधाचं नाव सांगितलं आणि नर्स पळाली. खरं सांगूनही वेळ हातात उरली होती. इतकी चूक करूनही मी सुटत होते. मला रडू फुटलं आणि मी लाल बोटांनीच तोंड झाकलं.

‘थांबा,’ आई म्हणाली.

डॉक्टर थांबल्या.

‘सव्वासात नाही.’ आईचा आवाज अगदी रोजचा होता. ‘सहा. सहाला बाथरूममधून आले ते तसेच आले. तोंड वाकडं, हात असा लोंबलेला. शर्टाची एकच बाही घातली होती.’

‘मधे बरे झाले होते का?’

‘नाही. दुसरी बाही मीच घातली. तसेच पाय ओढत बसकडे गेले. मी खिडकीतून बघत होते.’

‘सहा नक्की?’

‘रेडिओवर सहाच्या बातम्या लागल्या होत्या.’ मग ती माझ्याकडे वळली, जणू डॉक्टर तिथे नव्हत्याच. ‘परवा मी घाबरले तर मला नापास केलं गं त्यांनी. म्हटलं, आज नाही फसायची मी. म्हणून हसले. चांगली मोठ्याने हसले, टाळी वाजवून. ते दारात उभे राहून बघत राहिले माझ्याकडे, तर मला आणखीच हसू यायला लागलं.’

नर्स ट्रे घेऊन आली. सहापासून पाच तास उलटले होते. डॉक्टरांनी तिच्याकडे बघून नकारार्थी मान हलवली, अगदी थोडी, आणि ती ट्रे घेऊन दारातच उभी राहिली. डॉक्टर काहीतरी बोलायला लागल्या, इंजेक्शन नाही तरी दुसरे उपाय आहेत, व्यायाम आहेत, वेळ लागेल. आईचं तिकडे लक्ष नव्हतं. ती ट्रेकडे बघत होती, मग घड्याळाकडे, मग पुन्हा ट्रेकडे. तिने उठून डॉक्टरांचा हात धरला.

‘द्या ना ते,’ आई म्हणाली. ‘मी काही बोललेच नाही असं समजा.’